ई१ की ई२? आधी मेट्रिकचे दोन आकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा. ओएसपीएफवर (राउटर आपसात वाटा ठरवायला वापरतात तो एक प्रोटोकॉल) चालणारं मध्यम आकाराचं नेटवर्क आहे. बाहेरच्या एका सहयोगी संस्थेच्या नेटवर्ककडे जायला दोन दारं आहेत. पूर्वेकडच्या एएसबीआरवर, म्हणजे ओएसपीएफला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या राउटरवर, १० गिगाबिटची लिंक आहे, पश्चिमेकडच्या एएसबीआरवर १ गिगाबिटची. दोन्हीकडे त्या नेटवर्कचे स्टॅटिक (हाताने लिहिलेले) रूट टाकून ते ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट केलेत, म्हणजे बाकीच्या राउटरना जाहीर केलेत, पूर्वेकडे मेट्रिक (कमी तितकी पसंती जास्त) २० आणि पश्चिमेकडे ५०. अशा बाहेरच्या रूटच्या मेट्रिकचे दोन टाइप असतात, ई१ आणि ई२. इथे टाइप कुठेच लिहिलेला नाही, म्हणजे डीफॉल्ट ई२. तक्रार अशी की पश्चिमेला खेटून असलेला राउटरसुद्धा अख्खं नेटवर्क ओलांडून पूर्वेकडूनच बाहेर पडतो. कुणीतरी सुचवलं, ‘ई२ आतली कॉस्ट (नेटवर्कमधल्या लिंकवरून जाण्याचा खर्च) बघतच नाही, ई१ करून टाका.’ तर करावं का, आणि चालत्या नेटवर्कवर कसं करावं?

करता येईल. पण सुचवणाऱ्याने दिलेलं कारण अर्धंच खरं आहे, आणि घोडं पेंड खातं ते उरलेल्या अर्ध्यात.

आज सगळे पूर्वेकडे का पळतात, ते आधी पाहू. टाइप ई२ आहे हे त्याचं कारण नाही. तुम्हीच एका दारावर २० आणि दुसऱ्यावर ५० लिहिलंय, हे कारण आहे. दोन्हीकडे २० लिहा, टाइप ई२च राहू द्या, आणि पुन्हा बघा. प्रत्येक राउटर आपल्याला जवळच्या एएसबीआरकडे वळलेला दिसेल. कारण ई२ आतली कॉस्ट बघतो, फक्त दुसऱ्या फेरीत बघतो. पहिल्या फेरीत बाहेरच्या मेट्रिकची तुलना होते. तिथे बरोबरी झाली, तर एएसबीआरपर्यंतचं अंतर मोजून निकाल लागतो. सिस्कोच्या राउटरवर ‘शो आयपी रूट’ला पूर्ण प्रिफिक्स (बाहेरच्या नेटवर्कचा पत्ता) देऊन विचारलंत तर एका ओळीत दोन आकडे दिसतात: मेट्रिक २०, टाइप एक्स्टर्न २, आणि पुढे फॉरवर्ड मेट्रिक ६०. हे फॉरवर्ड मेट्रिक म्हणजेच एएसबीआरपर्यंतची आतली कॉस्ट. नुसता रूटिंग टेबल पाहिला की तिथे फक्त [११०/२०] असतं (त्यातला २० म्हणजे बाहेरचं मेट्रिक), त्यामुळे आतली कॉस्ट कुठे हरवली असं वाटतं. ती हरवलेली नसते, रांगेत मागे उभी असते.

ई१मध्ये दोन फेऱ्या नाहीत. बाहेरचा आकडा आणि आतलं अंतर यांची सरळ बेरीज होते आणि कमी बेरीज जिंकते.

तेव्हा खरा फरक एवढाच: ई२मध्ये बाहेरच्या आकड्याचा शब्द अखेरचा, ई१मध्ये तो आतल्या अंतरासोबत तराजूत बसतो. यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि ती माझ्याकडे शिकायला आलेल्या चांगल्या चांगल्या पोरांनाही पटायला वेळ लागतो. सगळ्या एएसबीआरनी एकच मेट्रिक जाहीर केलं असेल, तर बाहेर पडण्याचं दार निवडण्यापुरतं ई१ आणि ई२ एकच उत्तर देतात. टाइपचा प्रश्न उभा राहतो तो आकडे वेगळे असतील तेव्हाच.

आता आकडे घेऊन बघू. तुमच्या नेटवर्कमध्ये तीन राउटर धरा. ‘क’ पश्चिमेच्या शेजारी आहे: पश्चिमेपर्यंत कॉस्ट १०, पूर्वेपर्यंत ६०. ‘ख’ साधारण मध्यात, पण पूर्वेकडे झुकलेला: पूर्वेपर्यंत ३०, पश्चिमेपर्यंत ४०. ‘ग’ हा पश्चिमेच्या बाजूचा: पश्चिमेपर्यंत २०, पूर्वेपर्यंत ५०.

ई२ असताना तिघांचंही गणित एका ओळीत संपतं. २० विरुद्ध ५०, पूर्व जिंकली. अंतर कुणी विचारतच नाही. पश्चिमेचा आकडा ५० ऐवजी २१ असता तरी हेच झालं असतं. एकाचा फरक अख्खं नेटवर्क एका बाजूला कलंडवायला पुरतो.

ई१ केलं की ‘क’साठी पूर्वेची बेरीज २० अधिक ६०, म्हणजे ८०, पश्चिमेची ५० अधिक १०, म्हणजे ६०. क पश्चिमेकडे वळला, तुम्हाला हवं होतं तसं. ‘ख’साठी ५० विरुद्ध ९०, तो पूर्वेलाच राहिला. आणि ‘ग’? पूर्व २० अधिक ५०, पश्चिम ५० अधिक २०. दोन्ही ७०. म्हणजे ग आता दोन्ही रूट टेबलात बसवतो आणि फ्लो दोन्हीकडे वाटतो. तुम्ही तसं कुठेच मागितलं नव्हतं, बेरीज योगायोगाने जुळली एवढंच. दोन्ही दारांवर स्टेटफुल फायरवॉल (आपल्यातून सुरू झालेल्या जोडण्या लक्षात ठेवून बाकीचं अडवणाऱ्या) असतील, तर जाणारं पॅकेट एकीकडून आणि परतीचं दुसरीकडून असा प्रकार इथूनच सुरू होतो, आणि मग ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ छापाची तक्रार येते, जी शोधताना जीव मेटाकुटीला येतो. ई१ लावताना मी आकडे मुद्दाम आडनिडे ठेवतो. पश्चिमेला ५० ऐवजी ५३ लिहिलं की ग निमूटपणे पूर्वेकडे जातो. गोल आकड्यांच्या लिंक कॉस्टमध्ये गोल आकड्याचं बाहेरचं मेट्रिक टाकणं म्हणजे अशा बरोबरीला आमंत्रण आहे.

डोंगराच्या धारेवर पडलेलं पाणी कुठल्या खोऱ्यात उतरतं, तसं ई१चं आहे. दोन दारांच्या मधे नेटवर्कवर कुठेतरी एक पाणलोटाची रेघ असते. रेघेच्या अलीकडचे राउटर पूर्वेला, पलीकडचे पश्चिमेला. बाहेरच्या दोन आकड्यांमधला फरक वाढवला की रेघ पश्चिमेकडे सरकते, कमी केला की मध्याकडे येते. तुमच्या बाबतीत फरक ३०, म्हणजे ज्या राउटरला पूर्व ही पश्चिमेपेक्षा ३०हून जास्त लांब आहे तोच पश्चिमेकडून बाहेर पडेल. किती ट्रॅफिक १ गिगाबिटच्या दारावर येऊ द्यायचं हे ठरवण्याची मूठ तुमच्या हातात आली ती इथे. ई२मध्ये ही रेघच नसते. एक तर सगळं नेटवर्क एका खोऱ्यात, नाहीतर आकडे समान ठेवून रेघ बरोबर मध्यावर.

मग ई२ हे डीफॉल्ट का? आरएफसी २३२८, म्हणजे जॉन मॉय यांनी लिहिलेलं एप्रिल १९९८चं ओएसपीएफ आवृत्ती २चं दस्तऐवज, याबाबत एक गृहीतक स्पष्ट मांडतं: टाइप २ वापरताना आपण मानतो की पॅकेटचा मुख्य खर्च दोन स्वायत्त प्रणालींच्या (स्वतंत्रपणे चालवलेल्या नेटवर्कच्या) मधे होतो, घरातल्या घरात फिरण्याचा खर्च त्यापुढे नगण्य. शिवाय दुसरी सोय अशी की बाहेरच्या प्रोटोकॉलचा आकडा आपल्या लिंक कॉस्टच्या मापात बदलून घ्यावा लागत नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आरआयपी या दुसऱ्या प्रोटोकॉलचे हॉप (वाटेतले राउटर), संस्थांच्या मधे चालणाऱ्या बीजीपी प्रोटोकॉलचं एमईडी (शेजाऱ्याला कळवलेला पसंतीचा आकडा) आणि तुमची बँडविड्थवरून काढलेली कॉस्ट ही तीन वेगवेगळी मापं आहेत. ई१ निवडता तेव्हा तुम्ही कबूल करता की बाहेरचा आकडा आतल्या कॉस्टच्याच मापात आहे. तो नसेल तर किलोमध्ये लिटर मिसळून बेरीज केल्यासारखं होतं. उत्तर येतं, पण कशाचं ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून ई१ करण्याआधी मी पहिलं काय तपासतो, तर रेफरन्स बँडविड्थ, म्हणजे जिला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट निघते तो आकडा. सिस्कोच्या बऱ्याच उपकरणांवर ती अजूनही १०० मेगाबिट असते. त्या हिशेबाने १०० मेगाबिटपासून वरच्या सगळ्या लिंकची कॉस्ट १, मग ती १ गिगाबिटची असो की १० गिगाबिटची. अशा नेटवर्कमध्ये आतलं अंतर म्हणजे निव्वळ हॉप मोजणं, कुठून कुठेही ३ नाहीतर ५. त्यात बाहेरचे आकडे २० आणि ५० टाकले तर ३०चा फरक भरून निघणारच नाही, आणि ई१ करूनही सगळे पूर्वेकडेच जातील. ‘ई१ केलं पण काहीच बदललं नाही’ ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली आहे त्यातल्या बहुतेक वेळा मूळ इथे निघालं. रेफरन्स बँडविड्थ १०० गिगाबिटची ठेवली तर १० गिगाबिटला १० आणि १ गिगाबिटला १०० कॉस्ट मिळते, आणि बेरजेला काही अर्थ येतो. मात्र ती सगळ्या राउटरवर एकसारखी बदलायची. अर्ध्यांवर बदलून अर्ध्यांवर राहिली तर मेट्रिकचा टाइप हा तुमच्यापुढचा सगळ्यात किरकोळ प्रश्न उरेल.

बाहेरच्या लिंकलाही तेच माप लावा. पूर्वेची १० गिगाबिटची लिंक म्हणजे १०, पश्चिमेची १ गिगाबिटची म्हणजे १००. मग ई१ची बेरीज म्हणजे खरोखर ‘इथून सहयोगी संस्थेच्या दारापर्यंतचा एकूण खर्च’ होते. तिथून पुढे रेघ सरकवायची तर आकडे हलवा, पण सुरुवात या मापापासून करा.

आता ई१ची दुसरी बाजू, जी सुचवणारे सहसा सांगत नाहीत. पाणलोटाची रेघ स्थिर नसते. आतली एखादी लिंक पडली की अंतरं बदलतात आणि रेघ आपली आपण सरकते. वरच्या उदाहरणातल्या ‘ख’कडे पुन्हा बघा. पूर्वेकडे जाणारी त्याची कोअर लिंक पडली आणि पर्यायी वाट १ गिगाबिटच्या लिंकवरून असल्याने पूर्वेपर्यंतचं अंतर ३० वरून १३० झालं. ई१च्या हिशेबात पूर्व १५०, पश्चिम ९०. ख पश्चिमेकडे वळला, आणि एकटा नाही, त्याच्या मागे असलेले सगळे राउटर घेऊन वळला. आत एक लिंक पडली आणि त्याचा फटका बाहेरच्या १ गिगाबिटच्या लिंकला बसला, जिचा त्या बिघाडाशी काही संबंध नव्हता. ई२ असतं तर ख लांबच्या वाटेने का होईना, पूर्वेकडेच गेला असता. त्यामुळे ई१ निवडताना एक काम टाळू नका. कोअरच्या प्रत्येक लिंकसाठी ‘ही पडली तर रेघ कुठे जाईल’ हे कागदावर काढा. दहा-बारा लिंक असतील तर तासाभराचं काम आहे.

ज्या ठिकाणी एक दार मुख्य आणि दुसरं निव्वळ बॅकअप आहे, तिथे मी डोळे झाकून ई२ घेतो. मुख्य २०, बॅकअप १००, विषय संपला. आतलं टोपोलॉजी कसंही बदलो, मुख्य दार जिवंत आहे तोवर कुणी बॅकअपकडे फिरकत नाही. हेच ई१ने करायचं तर बॅकअपचा आकडा नेटवर्कमधल्या सर्वांत लांबच्या वाटेपेक्षा मोठा ठेवावा लागतो. जागा भरपूर आहे, मेट्रिकचं खण २४ बिटांचं असतं. १,६७,७७,२१५ हा शेवटचा आकडा म्हणजे अनंत, त्याच्या अलीकडचं काहीही चालतं. पण दहा हजारांचा आकडा टाकून ई१ला ई२सारखं वागायला लावण्यापेक्षा सरळ ई२ का नाही?

या मुख्य-बॅकअपमध्ये मात्र एक खड्डा आहे, आणि तुमच्याकडे स्टॅटिक रूट आहेत म्हणून तो मुद्दाम दाखवतो. ई२ असो की ई१, एएसबीआर जो रूट जाहीर करतो तो त्याच्या स्वतःच्या टेबलात आहे तोवरच करतो. स्टॅटिक रूट टेबलातून कधी निघतो? सहसा इंटरफेस पडला की. पण मधे स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर असेल तर पलीकडचं टोक मेलं तरी तुमचा इंटरफेस हिरवाच राहतो. स्टॅटिक रूट जागेवर, ओएसपीएफमधली जाहिरात जागेवर, मेट्रिक २० जागेवर, आणि सगळं नेटवर्क आपलं ट्रॅफिक पूर्वेच्या दाराशी नेऊन खड्ड्यात ओततंय. बॅकअप शेजारी रिकामा बसलाय, त्याला कुणी हाक मारत नाही. या प्रसंगात मेट्रिकचा कुठलाही टाइप तुम्हाला वाचवत नाही. स्टॅटिक रूटला बीएफडी (पलीकडचं टोक जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) किंवा पोहोच तपासणारं ट्रॅकिंग जोडा, नाहीतर तिकडच्या लोकांना पटवून बीजीपी चढवा. मेट्रिकच्या टाइपवर बैठका घेण्याआधी हे करा, असं मी म्हणेन.

तुमच्या पश्चिमेच्या एएसबीआरबद्दलही एक निरीक्षण. त्याच्याकडे पूर्वेचा २०चा रूट ओएसपीएफने येतो, पण त्याचा स्वतःचा स्टॅटिक रूट प्रशासकीय अंतर (रूट कुठून आला यावरून ठरणारी पसंती, कमी तितकी जास्त) १चा आहे आणि ओएसपीएफचं अंतर ११०. तेव्हा तो स्वतः कधीच पूर्वेकडे जात नाही. त्याला थेट जोडलेलं सगळं, आणि ज्यांची पूर्वेकडची वाट योगायोगाने त्याच्यातून जाते ते सगळे, आजही पश्चिमेकडूनच बाहेर पडतात. ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या राउटरमधून गेलं ते दाखवणारी कमांड) आणि रूटिंग टेबल यांचं जुळत नाही अशी शंका येते तेव्हा आधी हे तपासा. स्टॅटिकचं अंतर २०० वगैरे केलंत तर पूर्वेचा रूट असेपर्यंत तो टेबलातच बसणार नाही, म्हणून जाहीरही होणार नाही. बॅकअपची ही आणखी एक सोपी तऱ्हा, आणि त्यात मेट्रिकचा प्रश्नच मिटतो.

आता चालत्या नेटवर्कवर ई२वरून ई१वर कसं जायचं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

ओएसपीएफमध्ये एकाच प्रिफिक्ससाठी पसंतीचा क्रम ठरलेला आहे: आधी त्याच एरियातला (ओएसपीएफ नेटवर्कच्या त्याच भागातला) रूट, मग दुसऱ्या एरियातला, मग ई१, शेवटी ई२. ही पायरी मेट्रिकच्या आधी येते. म्हणजे १०,०००चा ई१ हा १च्या ई२ला हरवतो, दरवेळी. पुस्तकात हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. मीही वाचलं होतं. पण एका रात्रीच्या चेंज विंडोमध्ये (बदलांसाठी ठरवून दिलेल्या वेळेत), दोन दारांच्याच एका नेटवर्कवर, मी विचार केला की आधी बॅकअपवर करून बघू, तिथे ट्रॅफिक नाही, काही बिघडलं तरी कुणाला कळणार नाही. सावध माणूस असाच विचार करतो. बॅकअपचं मेट्रिक ५०० होतं, मुख्यचं २०. एक ओळ बदलली, एंटर मारला. काही सेकंदांत नेटवर्कमधल्या प्रत्येक राउटरने तो ५००चा ई१ उचलला आणि २०च्या ई२ला टेबलातून बाहेर काढलं. मुख्य लिंकचा आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा शून्यावर, बॅकअपचा छताला. त्यात मी घाबरून ओळ परत घेण्याऐवजी मेट्रिक वाढवत बसलो, ५००चं ५,०००, ज्याचा अर्थातच काडीचा उपयोग नव्हता.

योग्य क्रम उलटा आहे. ई१कडे जाताना जिथे ट्रॅफिक आहे ते दार आधी बदलायचं. मुख्य दार ई१ झालं की सगळे तिथेच राहतात, कारण ते आधीपासून तिथेच होते. मग सावकाश बॅकअप बदला. त्या क्षणी दोघं एकाच पायरीवर येतात आणि बेरजेची तुलना सुरू होते. परत ई२वर यायचं असेल तर आधी बॅकअप, मग मुख्य. तुमच्या बाबतीत आधी पूर्व, नंतर पश्चिम. पहिल्या बदलानंतर काहीच हललं नाही पाहिजे. हललं तर तिथेच थांबा, तुमच्या समजुतीत काहीतरी चुकतंय. खरा बदल दुसऱ्या पायरीला होईल, ‘क’सारखे राउटर पश्चिमेकडे जातील, तेव्हा १ गिगाबिटच्या लिंकवर नजर ठेवा.

दोन्ही दारं आज बरोबरीने वापरात असतील तर असा सुरक्षित क्रम नसतो. जे आधी बदलाल ते दुसऱ्याचं सगळं ट्रॅफिक ओढून घेणार, काही सेकंद का होईना. मोठं दार आधी बदला आणि दोन्ही कमांड तयार ठेवून पाठोपाठ मारा. आणखी एक बारीक गोष्ट: रीडिस्ट्रिब्यूटची ओळ आधी ‘नो’ लावून काढायची आणि मग नवी टाकायची, हे करू नका. जुनी काढताच एएसबीआर सगळे टाइप ५चे एलएसए (बाहेरच्या रूटच्या जाहिराती; हा ‘टाइप’ ई१-ई२पेक्षा वेगळा) मागे घेतो. नवी ओळ जुन्यावर टाकली तर तोच एलएसए नव्या सीक्वेन्स नंबरने पुन्हा येतो, फक्त त्यातला ई-बिट बदललेला असतो: १ म्हणजे टाइप २, ० म्हणजे टाइप १.

हाच पसंतीचा क्रम हत्यार म्हणूनही वापरता येतो. तीन दारं असतील, त्यातली दोन नेहमीची आणि तिसरं अगदी शेवटचा आसरा, तर नेहमीच्या दोघांना ई१ द्या, तिसऱ्याला ई२. दोघं आपसात बेरजेने ट्रॅफिक वाटून घेतील, आणि दोन्ही गेली तरच तिसरं दार उघडेल. कुठला आकडा किती मोठा ठेवायचा याची चिंता नाही. मला ही रचना आवडते. फक्त ती मुद्दाम केलेली आहे हे कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी नवा माणूस ‘सगळीकडे एकसारखं असावं’ म्हणून तिसरंही ई१ करून टाकेल. याचीच काळी बाजू अशी की सगळं नेटवर्क ई२वर असताना कुणी एखाद्या कोपऱ्यातल्या राउटरवर तोच प्रिफिक्स ई१ म्हणून टाकला, तर सगळं ट्रॅफिक त्या कोपऱ्यात जातं. डीफॉल्ट रूटच्या (दुसरा कुठलाच रूट न जुळणाऱ्या पॅकेटच्या वाटेच्या) बाबतीत हे फार महागात पडतं.

‘ई१ने सीपीयूवर ताण येतो, कारण मेट्रिक सारखं बदलतं’ हेही बऱ्याचदा ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. एलएसएमध्ये जातो तो फक्त बाहेरचा आकडा, दोन्ही टाइपमध्ये. बेरीज प्रत्येक राउटर स्वतःच्या घरी करतो. आतली लिंक पडली म्हणून टाइप ५चा एलएसए पुन्हा फिरवला जात नाही, आणि एएसबीआरपर्यंतची वाट ई२लाही शोधावीच लागते. एक अपवाद मात्र खरा आहे. ओएसपीएफचे हे रूट तुम्ही पुढे बीजीपीमध्ये रीडिस्ट्रिब्यूट करत असाल, तर ओएसपीएफचं मेट्रिक एमईडी म्हणून पुढे जातं. ई२मध्ये ते स्थिर २० असतं. ई१मध्ये आतलं अंतर हललं की एमईडी हलतं, आणि शेजाऱ्याला बीजीपीचे अपडेट जात राहतात. तिथे ई१ ठेवायचं असेल तर एमईडी राउट-मॅपने (रूटवर नियम लावणाऱ्या यादीने) एका आकड्यावर बांधून टाका. सिस्कोवर बीजीपीत नेताना एक्स्टर्नल १ आणि एक्स्टर्नल २ हे स्पष्ट मॅच करावं लागतं, नाहीतर फक्त इंटर्नल रूट जातात. टाइप बदलताना त्या ओळीत जुनाच टाइप लिहिलेला राहिला, तर बीजीपीतून प्रिफिक्स गपचूप गायब होतात.

फॉरवर्डिंग अॅड्रेसचंही पाहून घ्या. एएसबीआरचा पुढचा हॉप ज्या इथरनेटवर आहे तिथे ओएसपीएफही चालू असेल, तर एलएसएमध्ये त्या पुढच्या हॉपचा पत्ता भरला जाऊ शकतो. मग अंतर एएसबीआरपर्यंत नव्हे, त्या पत्त्यापर्यंत मोजलं जातं, आणि तो पत्ता ओएसपीएफच्या आतल्या रूटने पोहोचण्यासारखा नसेल तर तो एलएसए विचारातच घेतला जात नाही. तुमची बेरीज कागदावर एक आणि राउटरवर दुसरी येत असेल तर डेटाबेसमध्ये हा पत्ता ०.०.०.० आहे का ते बघा. एनएसएसएमध्ये (टाइप ५ऐवजी टाइप ७चे एलएसए वापरणाऱ्या खास एरियात) हा पत्ता जवळपास नेहमी भरलेला असतो, कारण टाइप ७चं टाइप ५मध्ये भाषांतर करताना एबीआरला (एरियांच्या सीमेवरच्या राउटरला) तो लागतो. तिथे टाइपना एन१ आणि एन२ म्हणतात, गणित तेच. अनेक एरिया असतील तर आरएफसी १५८३ची (ओएसपीएफच्या आधीच्या दस्तऐवजाची) सुसंगतता सगळ्या राउटरवर एकसारखी आहे ना, तेवढंही तपासा. ती बंद असेल तर एएसबीआरकडे जाणारी वाट कुठल्या एरियातून जाते याचा विचार ई१च्या बेरजेच्याही आधी होतो, आणि काहींवर चालू, काहींवर बंद असं झालं तर लूपला वाट मिळते.

आयएस-आयएस हा दुसरा रूटिंग प्रोटोकॉल वापरणाऱ्यांना हा पेच फारसा पडत नाही. त्याच्या वाइड (मोठ्या आकड्यांच्या) मेट्रिकमध्ये इंटर्नल-एक्स्टर्नल हा भेदच उरत नाही, सरळ बेरीज होते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी असं करेन. पश्चिमेचं दार तुम्हाला खरोखर वापरात हवंय का, हे आधी ठरवा. नको असेल तर काहीच बदलू नका. क लांबून फिरून जातोय म्हणजे ई२ सांगितलेलं काम करतोय, आणि १० गिगाबिटच्या आतल्या लिंकवर त्या वळशाने वापरणाऱ्याला सहसा काही जाणवत नाही. हवं असेल तर रेफरन्स बँडविड्थ तपासा, स्टॅटिकला ट्रॅकिंग जोडा, मग पूर्वेवर मेट्रिक १० ई१ आणि पश्चिमेवर मेट्रिक १०३ ई१, याच क्रमाने. या आकड्यांत फरक ९३चा आहे, त्यामुळे वरच्या अंतरांनुसार सुरुवातीला क, ख आणि ग तिघंही पूर्वेलाच राहतील. तेच हवंय. मग पश्चिमेचा आकडा थोडा थोडा खाली आणत जा: ५८वर आणलात तर ४८चा फरक उरतो आणि ५०च्या अंतराने एकटा क वळतो. प्रत्येक पायरीनंतर एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्या आणि पश्चिमेच्या लिंकचा दुपारचा आलेख बघा.

परतीच्या ट्रॅफिकवर यातल्या कशाचाही परिणाम होणार नाही. तिकडून तुमच्याकडे येणारं पॅकेट कुठल्या दाराने यायचं हे त्यांचे रूट ठरवतात. दारांवर फायरवॉल असतील तर पश्चिमेचा आकडा खाली आणण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या.